तुंगनाथचा दाढीवाला आयरिस नक्की कुठल्या घरातला?

रानभूल | ११ जून, रात्री १०:१२

मंडळी, जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही आठ जण चोपता, तुंगनाथ, चंद्रशिला करून आलो. ट्रेकचं वर्णन लिहीन सवडीने, आत्ता एकच प्रश्न घेऊन आलेय. देवळाच्या (साधारण ३६८० मीटर) थोडं अलीकडे, वाटेच्या उजव्या अंगाला गवतात जांभळी फुलं होती. लांबून वाटलं कुणाचा रुमाल पडलाय. जवळ जाऊन बसले तर इवलासा आयरिस, अक्षरशः जमिनीला चिकटलेला, देठ दिसतच नाही, फिकट जांभळ्या पाकळ्यांवर गडद शाईचे डाग सांडल्यासारखे ठिपके आणि खालच्या तीन पाकळ्यांवर मधोमध केसांची पट्टी. केस पांढरे, टोकं पिवळी.

फोटोवरून झाड ओळखणाऱ्या अ‍ॅपला विचारलं तर पहिल्या फोटोला जर्मेनिका म्हणालं, दुसऱ्याला हुकेरियाना, तिसऱ्याला 'कुत्रा'. (तिसऱ्यात मागे कुत्रा आहे, हे मान्य.) गटातले एक काका म्हणाले हा केमाओनेन्सिस. मग इंटरनेटवर वाचत बसले तर कुठे कुमाओनेन्सिस, कुठे कामाओनेन्सिस, कुठे रेगेलिया, कुठे स्यूडोरेगेलिया. डोकं गरगरलं. कुणी नीट उलगडून सांगेल का?

फोटो १, २, ३ आणि ४ जोडलेत. चौथा नवऱ्याने काढलाय, तो बघू नका. खेचराच्या पायाखाली आलेलं चिरडलेलं फूल आहे आणि बाजूला त्याने दहा रुपयांचं नाणं ठेवलंय. का ते त्यालाच माहीत.

बटाटेवडा | ११ जून, रात्री १०:२०

फूल मस्त. पण पाकळीवर सुरवंट बसलाय का?

रानभूल | ११ जून, रात्री १०:२३

तीच दाढी हो!! म्हणूनच दाढीवाला आयरिस.

बटाटेवडा | ११ जून, रात्री १०:२४

बरं. माझी यापेक्षा बरी आहे.

गच्चीवरची_बाग | ११ जून, रात्री ११:०५

हा आयरिस माझ्याकडे पुण्यात कुंडीत आहे की! पांढरा-निळा, सकाळी उमलतो, संध्याकाळी मान टाकतो. फुलाच्या दांड्यालाच पिल्लू येतं आणि दांडा वाकून ते मातीला टेकलं की नवं रोप. नर्सरीवाल्याने आयरिस म्हणूनच दिला होता.

निवृत्त_मास्तर | १२ जून, सकाळी ६:४०

गच्चीवरची_बाग, तुमचं झाड निओमरिका. कुळ आयरिसचंच पण वंश वेगळा, मूळचं तिकडचं, दक्षिण अमेरिकेकडचं. चालतं ना ते पिल्लं टाकत टाकत, म्हणून त्याला वॉकिंग आयरिस म्हणतात. खऱ्या आयरिसला पुण्यातला उन्हाळा आणि आपला पाऊस दोन्ही सोसत नाही, त्यात हा हिमालयातला तर नाहीच नाही.

आता रानभूलताई, तुमच्याकडे वळतो. आधी मोठं घर बघू मग खोली. आयरिसच्या फुलात तीन पाकळ्या उभ्या, तीन खाली लोंबलेल्या. लोंबलेल्या पाकळ्यांवर केसांची पट्टी असेल तर ते दाढीवाले, त्यांचा उपवंशही 'आयरिस' याच नावाचा. केसांऐवजी कोंबड्याच्या तुऱ्यासारखा उंचवटा असेल तर तुरेवाले, ते वेगळे. हिमालयात दोन्ही भेटतात म्हणून हे आधी बघायचं. डेकोरा नावाचा एक तुरेवाला आहे, त्याच्या मुळांना शतावरीसारख्या मांसल गाठी असतात, त्याला तर स्वतंत्र उपवंश दिलाय, नेपालेन्सिस. तुमच्या फोटो २ मध्ये केस स्पष्ट दिसतात, तेव्हा दाढीवाला हे नक्की.

दाढीवाल्यांमध्ये ब्रायन मॅथ्यू यांनी १९८१ च्या पुस्तकात सहा विभाग केले, तीच मांडणी अजून बहुतेक ठिकाणी दिसते. त्यातला रेगेलिया म्हणजे मध्य आशियातले, त्यांना उभ्या आणि लोंबत्या दोन्ही पाकळ्यांवर दाढी. आपल्या हिमालयातल्यांना दाढी फक्त लोंबत्या पाकळ्यांवर, अंगावर ठिपके-डाग, आणि जमिनीखाली आखूड, गाठाळ, एकमेकांत गुंतलेले कंद. रेगेलियासारखे वाटतात पण नाहीत, म्हणून डाइक्स साहेबांनी त्यांना नाव दिलं स्यूडोरेगेलिया. तोतया रेगेलिया म्हणा हवं तर. तुमचं फूल या खोलीतलं. आता खोलीतला नेमका कोण, ते रंगावरून सांगता येणार नाही. शाळेला पोचायचं नाहीये पण दूध आणायचंय, संध्याकाळी लिहितो.

सोनमर्ग_रिटर्न | १२ जून, सकाळी ९:१५

हुकेरियाना. डोळे मिटून. मी गेल्या वर्षी काश्मीरच्या सात सरोवरांच्या ट्रेकला गेलो होतो, सोनमर्गच्या वर कुरणंच्या कुरणं भरली होती याने. तेच डाग, तीच दाढी. अ‍ॅपने पण हुकेरियाना सांगितलंय.

रानभूल | १२ जून, सकाळी ९:४०

अ‍ॅपने कुत्रा पण सांगितलंय :)

निवृत्त_मास्तर | १२ जून, सायंकाळी ७:५५

सोनमर्ग_रिटर्न, तुमच्या फुलांना देठ होता का? गवतातून वर आलेली होती की गवतात बसलेली?

सोनमर्ग_रिटर्न | १२ जून, रात्री ८:३०

होती वर आलेली, वीतभर नाही पण चार बोटं तरी. एका देठावर दोन दोन फुलं. फोटो टाकतो.

निवृत्त_मास्तर | १२ जून, रात्री ९:०२

बघा, इथेच मेख आहे. तुमचा हुकेरियानाच असणार, माझं दुमत नाही. पण ताईंचा तो नसावा. दोघांचे डाग सारखे, दाढी सारखी, म्हणून पाकळ्या बघून भांडत बसलो तर पुढच्या जूनपर्यंत धागा चालेल. बघायची ती नळी. आयरिसच्या पाकळ्या तळाशी जुळून एक बारीक नळी होते आणि त्या नळीच्या खाली बीजकोष असतो. हुकेरियानाला नळी आखूड, दोन-अडीच सेंटिमीटर, पण देठ खरा. केमाओनेन्सिसला देठ जवळजवळ नाहीच, नळीच लांबलचक, पाच ते साडेसात सेंटिमीटर. म्हणजे फूल जमिनीवर बसल्यासारखं दिसतं तेव्हा बीजकोष खाली पानांच्या बेचक्यात, मातीशी असतो आणि ज्याला आपण देठ समजतो ती फुलाचीच मान असते. केशराच्या फुलासारखं. केशरही याच कुळातलं.

नळी हिरव्या पोंग्यात झाकलेली असते, वरून घेतलेल्या फोटोत दिसत नाही. फूल उपटून बघायला मी सांगणार नाही, तो सगळा भाग केदारनाथ अभयारण्याचा आहे.

वैद्य_नाही | १२ जून, रात्री ९:३०

अवांतर: आयरिसची पानं बघितली की मला वेखंड आठवतं. आजी उगाळून द्यायची लहानपणी. तेच का हे?

निवृत्त_मास्तर | १२ जून, रात्री ९:४१

नाही. पान तलवारीसारखं म्हणून फसगत होते. वेखंडाचं पान चुरगाळा, वास येतो. आयरिसच्या पानाला तो नाही. हां, भावप्रकाशात पांढऱ्या पारसीक वचेचा उल्लेख आहे, हैमवती म्हणून, ती म्हणजे आयरिस असं बरेच जण मानतात. पण ते बाहेरून येणारं मूळ, हा ठिपकेवाला नव्हे. बाळाला देऊ नका कुठलंच.

नाममात्र | १३ जून, दुपारी १:२०

नावाच्या स्पेलिंगचा प्रश्न कुणी घेतला नाही म्हणून मी घेतो, माझा लाडका विषय आहे, कंटाळा आला तर पुढचा प्रतिसाद वाचा.

कलकत्त्याच्या बागेचे प्रमुख वॉलिच, त्यांनी कंपनी सरकारच्या संग्रहातल्या वाळवलेल्या नमुन्यांची एक लांबच लांब यादी केली, १८२८ पासून दगडी छापावर काढलेली. त्यात हजारो नावं, पण नुसती नावं. वर्णन नाही. वनस्पतीशास्त्रात वर्णनाशिवाय नाव म्हणजे पत्रिकेत नाव छापलं आणि मुलगा दाखवलाच नाही, त्याला किंमत शून्य. वर्णनासकट ते नाव आलं सहारनपूरच्या बागेचे प्रमुख राहिलेल्या रॉयल यांच्या हिमालयावरच्या ग्रंथात, जो १८३३ ते १८४० असा भागाभागाने निघाला. आणि तिथे स्पेलिंग 'के' ने. त्या काळी साहेब कुमाऊँ हे नाव हवं तसं लिहायचे. पुढच्यांना वाटलं ही चूक आहे, त्यांनी परस्पर 'कु' करून टाकलं, शंभर वर्षांहून जास्त काळ पुस्तकांत 'कु' चाललं. नियम मात्र असा की मूळ प्रकाशनात जसं लिहिलं तसंच ठेवायचं, छपाईची चूक असेल तरच दुरुस्ती. म्हणून आज केमाओनेन्सिस. शहर मुंबई झालं तरी हायकोर्ट बॉम्बेच आहे ना, तसं.

शिवाय याच झाडाला फॉस्टरनी आणखी दोन नावं दिली होती, किंगियाना आणि डुथिआय, दोन्ही आता याच्यातच जमा. हे फॉस्टर केंब्रिजला शरीरशास्त्राचे प्राध्यापक, आयरिसचा नाद फावल्या वेळातला. हुकेरियानाचं नावही त्यांनीच ठेवलं, १८८७ मध्ये.

बटाटेवडा | १३ जून, दुपारी १:३१

एकाच माणसाने तिघांचं बारसं केलं आणि त्यातली दोन पोरं एकच निघाली?

नाममात्र | १३ जून, दुपारी १:३५

तेही आधीच बारसं झालेलं.

फोर्टचा_फेरफटका | १३ जून, दुपारी ३:१०

नाममात्र, एक राहिलं. टिग्रिना. व्हिक्तोर जाकमाँ नावाचा फ्रेंच निसर्गतज्ज्ञ १८३१ ला काश्मीरात होता, तिथून नमुने गोळा केले, ठिपकेवाल्या आयरिसला त्याने हे नाव ठेवलं होतं. ते छापून आलं पुढे बेकर यांच्याकडून आणि आता तेही केमाओनेन्सिसमध्ये विलीन. जाकमाँ मात्र हिमालयातून धडधाकट परतला आणि १८३२ च्या डिसेंबरात आपल्या मुंबईत वारला. वय ३१. इथेच पुरलं होतं, १८८१ मध्ये अवशेष पॅरिसला नेले. मी मुंबईच्या जुन्या कबरींवर वाचत असतो तेव्हा हे सापडलं होतं, आयरिसशी संबंध लागेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

रानभूल | १३ जून, दुपारी ४:००

बाप रे. ३१ म्हणजे माझ्या धाकट्या भावाएवढा.

जर्सीकर | १४ जून, पहाटे ४:४५

माझ्या घरामागे दाढीवाले आयरिस आहेत, कमरेएवढे उंच, मे अखेर फुलतात. ते सगळे बागेत तयार केलेले संकर, त्यामुळे शेजारीण जात विचारते तेव्हा मी गप्प बसते.

पण मला एक कळत नाही, डीएनए आल्यावर ही दाढी-तुरा भानगड उरलीये का? मी वाचलं होतं की निम्मं वर्गीकरण मोडीत निघालं. मग आपण नळ्या कशाला मोजतोय?

पेशीबाह्य | १४ जून, सकाळी १०:२५

जर्सीकरताई, अर्धं बरोबर. माझं काम गवतांवर आहे, आयरिसवर नाही, पण पद्धत तीच. हरितलवकांच्या डीएनएवरून २०११ मध्ये कॅरोल विल्सन यांनी सगळा वंश तपासला तेव्हा बिनदाढीवाल्यांचा मोठा गठ्ठा, लिम्निरिस, एका घरातला नाहीच असं दिसलं. तुरेवाले सुद्धा एका आजीची नातवंडं नाहीत. २०१५ ला काही जणांनी तर आख्खा आयरिस वंश वीसहून जास्त वंशांत फोडायचा प्रस्ताव मांडला, बहुतेकांनी तो मनावर घेतला नाही. दाढीवाल्यांतल्या विभागांच्या भिंतीही अजून हलतायत.

पण ते झालं घराचं आणि खोलीचं. समोरचं झाड या जातीचं की त्या, हे डोंगरावर उभं राहून डीएनएने नाही ठरवता येत. तिथे नळीच.

गंमत सांगतो. आपल्याकडे बागांत नारिंगी, लाल ठिपक्यांचं एक फूल असतं, सहा सारख्या पाकळ्या, शेंग उकलली की काळ्याभोर चकचकीत बिया ब्लॅकबेरीसारख्या. बेलमकांडा म्हणायचे त्याला. दाढी नाही, तुरा नाही, उभं-लोंबतं काही नाही. डीएनएने सांगितलं हा आयरिसच, आणि २००५ पासून तो आयरिस डोमेस्टिका. लिनियसने १७५३ मध्ये त्याला चक्क ऑर्किडांत टाकलं होतं.

गच्चीवरची_बाग | १४ जून, सकाळी १०:५०

म्हणजे माझा आयरिस आयरिस नाही, आणि सासूबाईंच्या माहेरच्या अंगणातलं ते नारिंगी फूल, ज्याला मी कधी आयरिस म्हटलं नाही, तो आयरिस?

पेशीबाह्य | १४ जून, सकाळी ११:०२

हो. सासूबाईंना सांगू नका.

सोनमर्ग_रिटर्न | १४ जून, दुपारी १२:४०

सगळं ठीक आहे पण ताईंच्या फुलाची नळी कुणी मोजलीये? मग केमाओनेन्सिस कशावरून? देठ गवतात लपलेला असू शकतो. मी अजून हुकेरियानावर ठाम.

काजवा | १४ जून, रात्री ११:१५

पहिल्यांदाच लिहितोय. फोटो ४ मोठा करून बघितला का कुणी?

फूल आडवं पडलंय, पोंगा उभा फाटलाय. खाली हिरवट फुगीर भाग आहे, मास्तर म्हणतात तो बीजकोष असावा. त्याच्यापासून पाकळ्या सुटतात तिथपर्यंत पांढुरकी दोरी दिसतेय. आणि शेजारी नाणं. दहाच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर. मी स्क्रीनवर कागदाची पट्टी धरून मोजलं, दोरी दोन नाणी आणि वर थोडी भरते. म्हणजे साडेपाचच्या पुढे, सहाच्या आत. फोटो थोडा तिरका आहे हे धरूनही अडीच काही होत नाही.

निवृत्त_मास्तर | १५ जून, सकाळी ६:१०

शाब्बास रे काजव्या! मी तो फोटो उघडलाच नव्हता, ताईंनी बघू नका म्हटलं म्हणून नाही बघितला. चाळीस वर्षं पोरांना सांगितलं की चिरडलेला नमुना फेकू नका आणि स्वतःच तेच केलं. बीजकोष पार पोंग्याच्या बुडाशी आहे, खाली देठ नावालाच. केमाओनेन्सिस.

बटाटेवडा | १५ जून, सकाळी ८:००

खेचराचं नाव सहसंशोधक म्हणून टाकावं ही विनंती.

सोनमर्ग_रिटर्न | १५ जून, सकाळी ९:३०

बरं. माघार. पण लांब नळीचा आणखी एक आहे ना, डोलिकोसायफन? नावातच लांब नळी. (कालपासून वाचतोय, सुखाने झोपू देत नाही हा धागा.)

निवृत्त_मास्तर | १५ जून, सायंकाळी ७:२०

आहे, पण तो भूतानवरून वर्णन केलेला, १९९० मध्ये. नळी याच्याहून कितीतरी लांब. तुंगनाथला त्याला आणायचं कारण दिसत नाही. तरी तुम्ही म्हणता तशी शंका ठेवलेली बरी. फळ बघायला मिळालं तर आणखी पक्कं होईल. केमाओनेन्सिसचं फळ गोलसर आणि टोकाला चोच. बिया तांबूस-तपकिरी आणि प्रत्येक बीला दुधाळ पांढरा बोंडासारखा भाग चिकटलेला. तुंगनाथचे दरवाजे दिवाळीच्या आसपास बंद होतात, त्याआधी कुणी जात असेल तर बघा. मात्र जूनमधल्या खुणेने शोधू नका, फूल गेल्यावर याची पानं वाढत सुटतात, फुटाच्या वर जातात, तेच झाड ओळखू येत नाही.

रानभूल | १५ जून, रात्री ८:०५

मास्तर, काजवा, सगळ्यांनाच __/\__. नवऱ्याला सांगितलं. तो आता घरभर नाणी ठेवून फोटो काढतोय. काल भरल्या वांग्याशेजारी होतं.

नाममात्र | १६ जून, दुपारी २:००

धाग्यातल्या फोटोखाली नाव लिहाल तेव्हा 'के' ने लिहा प्लीज.

वैद्य_नाही | २ ऑगस्ट, सकाळी ११:३०

धागा वर काढतोय. फळाचं काही कळलं का?

रानभूल | २८ सप्टेंबर, रात्री ९:५०

कळलं! आमच्या गटातले ते काका, जे पहिल्याच दिवशी केमाओनेन्सिस म्हणाले होते आणि ज्यांचं मी ऐकलं नव्हतं, ते परत जाऊन आले. फोनवर म्हणाले, तू सांगितलेल्या जागी काही नाही, नुसतं गवत माजलंय. मी म्हटलं पानं बाजूला करा. दहा मिनिटांनी परत फोन, धापा टाकत. चपट्या रुंद पानांचा झुबका, हाताने बाजूला केला तर बुडाशी मातीला टेकलेली सुपारीहून थोडी मोठी हिरवट-तपकिरी बोंडं, गोल, आणि टोकाला काट्यासारखी चोच. एक कडेने उकललेलं होतं. आतल्या बिया तांबूस आणि एका अंगाला पांढरं काहीतरी, 'नारळाच्या कोंबासारखं' असं ते म्हणाले. एकही आणली नाही, तिथेच राहू दिल्या.

फोटो ५ बघा. नाणं ठेवलंय. माझ्या नवऱ्याने त्यांना जाताना मुद्दाम दिलं होतं.

निवृत्त_मास्तर | २९ सप्टेंबर, सकाळी ६:०५

चोच बघितली. दूध उतू गेलं त्या नादात.

सोनमर्ग_रिटर्न | २९ सप्टेंबर, सकाळी ९:००

पुढच्या जुलैत सोनमर्गला परत जातोय. नळी मोजणार. माझा पण काहीतरी वेगळाच निघाला तर तुम्हाला बघून घेतो सगळ्यांना.

काजवा | २९ सप्टेंबर, सकाळी ९:०४

दहाचं नाणं घेऊन जा.

रानभूल | २९ सप्टेंबर, रात्री १०:३०

सगळ्या फोटोंखाली नाव घातलंय, आयरिस केमाओनेन्सिस, 'के' ने. तिसऱ्याखाली सोडून. तिथे अजून कुत्राच आहे.